रोबोट पार्टच्या बाजूला का उतरतो? व्हिजन पिकिंगमधला दोष शोधण्याचा क्रम

कॅमेऱ्याने पार्टची जागा शोधायची आणि रोबोटने तो उचलायचा, हे व्हिजन पिकिंग. त्यात रोबोट पार्टच्या थोडा बाजूला उतरतो. कुणीतरी पेंडंट (रोबोट हाताने चालवायचा रिमोट) हातात घेतं, ऑफसेटमध्ये (जागा सरकवायच्या आकड्यात) ०.३ मिमी टाकतं आणि लाइन चालू होते. दुसऱ्या शिफ्टला पार्ट ट्रेमध्ये उलट्या दिशेला तोंड करून येतात आणि तीच चूक दुप्पट होऊन समोर उभी राहते. मग ०.३ काढून उणे ०.३ टाकलं जातं. असं महिनाभर चाललं की त्या आकड्यामागे नेमका कुठला दोष झाकला गेलाय हे कुणालाच सांगता येत नाही.

ऑफसेट हे सगळ्यात शेवटी वापरायचं हत्यार आहे. चूक कुठल्या दिशेला होते, कुठे वाढते, कधी नाहीशी होते, यावरून तिचं मूळ बऱ्याचदा तासाभरात सापडतं. त्यासाठी तपासणीचा क्रम मात्र पाळावा लागतो.

खालची माहिती वर पक्का बसवलेला एक टू-डी कॅमेरा, स्कारा (आडव्या पातळीत हलणाऱ्या हाताचा) किंवा छोटा सहा अक्षांचा रोबोट आणि ट्रेवर किंवा फ्लेक्सिबल फीडरवर (कंपनाने पार्ट पसरवणाऱ्या तबकावर) सुटे पडलेले ५ ते २० मिमीचे पार्ट अशा सेलसाठी, म्हणजे रोबोटच्या कामाच्या जागेसाठी आहे. पितळी इन्सर्ट, पिना, नट, छोटे प्रेस पार्ट अशा कामाला ती थेट लागू पडते.

## तयारी: पेंडंट हातात घेण्याआधी

रोबोट प्रोग्रॅम, फ्रेम (रोबोट ज्यावरून मोजतो ते अक्ष), टूल डेटा (टूलच्या टोकाची जागा) आणि व्हिजन जॉब (कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम) यांचा बॅकअप आधी घ्या आणि फोल्डरच्या नावात तारीख टाका. सध्याचे सगळे ऑफसेट कागदावर उतरवा. कॅमेऱ्यात फेल झालेल्या पिकचे फोटो साठवायची सोय असते आणि ती बहुतेक वेळा बंद ठेवलेली असते. ती सुरू करा. फोटो नसेल तर पुढचं सगळं निदान अंदाजावर जातं.

सोबत काय हवं: टोकदार पॉइंटर, टेबलावर उभी करता येईल अशी एक सुई, कॅलिब्रेशन प्लेट (कॅमेऱ्याची मापं रोबोटच्या मापांशी जुळवायची छापील प्लेट), मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज, भिंग, काळा पुठ्ठा आणि पार्टच्या उंचीइतके दोन-तीन स्पेसर. एक मास्टर पार्टही बाजूला काढा. त्याच्या वरच्या तोंडावर मध्यबिंदूची बारीक खूण करून घ्या.

सेल किमान अर्धा तास चालू राहू द्या. कॅमेरा, लाइट आणि रोबोटचे गिअर गरम झाले की मापं किंचित हलतात. सकाळी थंड मशीनवर केलेलं कॅलिब्रेशन दुपारी दगा देतं ते यामुळेच.

सावधान: पॉइंटर लावून जवळून पाहायचं काम फक्त टीच मोडमध्ये (पेंडंटवरून हळू चालवायच्या मोडमध्ये) करा. त्यात आयएसओ १०२१८ या रोबोट सुरक्षेच्या मानकाप्रमाणे वेग २५० मिमी प्रति सेकंदाच्या आत राहतो. पॉइंटरचं टोक डोळ्याच्या उंचीला येत असेल तर सुरक्षा चष्मा घालून काम करा. ग्रिपरमध्ये बोटं घालायच्या आधी हवा बंद करून लाइनमधला दाब सोडा.

## टप्पा १: चुकीची जात ओळखा

"पिक होत नाही" एवढ्यावर काम सुरू करू नका. चार वेगवेगळ्या गोष्टींना हे एकच नाव दिलं जातं.

पार्ट दिसलाच नाही. दिसला, पण चुकीच्या जागी किंवा चुकीच्या कोनात दिसला. बरोबर दिसला, पण रोबोट चुकीच्या जागी गेला. रोबोट बरोबर गेला, पण पार्ट पकडताना सरकला किंवा सुटला.

दहा-पंधरा फेल फोटो उघडा. फोटोवर व्हिजनने काढलेली चौकट आणि क्रॉस पार्टवर नीट बसलेत का ते पाहा. बसले नसतील तर दोष प्रतिमेत किंवा मॉडेलमध्ये (व्हिजनला शिकवलेल्या पार्टच्या नमुन्यात) आहे, टप्पा ३ आणि ७ महत्त्वाचे. बसले असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगला हात लावू नका. दोष पुढे आहे, फ्रेममध्ये, टूलमध्ये किंवा ग्रिपरमध्ये. एवढं पाच मिनिटांत कळतं, आणि नेमकं हेच वगळून लोक थेट मॉडेल पुन्हा शिकवायला बसतात.

## टप्पा २: नट-बोल्ट आधी

कॅमेऱ्याचा ब्रॅकेट हाताने हलवून पाहा. बोटाच्या दाबाने लाइव्ह चित्र हललं आणि परत जागेवर आलं नाही तर पुढच्या कुठल्याही मापाला अर्थ नाही. लेन्सच्या फोकस आणि आयरिस रिंगचे लॉक स्क्रू कसलेले आहेत का ते बघा. रोबोटच्या स्टँडवरच कॅमेरा टांगला असेल तर रोबोट वेगाने थांबताना कॅमेराही डुलतो. अशा ठिकाणी फोटो रोबोट स्थिर असताना घ्या किंवा ब्रॅकेट वेगळ्या खांबावर न्या.

मग डायल गेज लावून रोबोटला एकाच बिंदूवर वेगवेगळ्या दिशांनी आणा. छोट्या स्काराची रिपीटेबिलिटी (त्याच जागी परत येण्यातला फरक) ±०.०१ ते ०.०२ मिमीच्या घरात असते. डायलवर ०.१ दिसत असेल तर रोबोटला दोष देण्याआधी ग्रिपरची फ्लँज, टूल चेंजर आणि बोटांचे स्क्रू तपासा. बहुतेक वेळा ढिलाई तिथेच सापडते.

स्कारा वापरणाऱ्यांनी एक गोष्ट खास पाहावी. हात उजव्या कोपराने कॅलिब्रेट केला आणि पिक करताना काही जागी डाव्या कोपराने गेला, तर सांध्यांच्या झिरोमधली बारीक चूक त्या जागी एकदम मोठी होऊन दिसते. अर्ध्या ट्रेवर बरोबर आणि अर्ध्या ट्रेवर चूक असेल तर प्रोग्रॅममध्ये हाताची पोज लॉक केली आहे का ते आधी बघा.

## टप्पा ३: चित्र स्थिर आहे का?

मास्टर पार्ट ट्रेवर ठेवा. त्याला हात न लावता तीस फोटो घ्या आणि एक्स, वाय, कोन यांचे आकडे लिहा. पार्ट हललेला नाही, म्हणून आकड्यांतला फरक हा सगळा कॅमेरा, लाइट आणि मॉडेल यांचाच. तुम्हाला चालणाऱ्या चुकीच्या एक चतुर्थांशापेक्षा तो जास्त असेल तर इथेच थांबा.

आधी गणित करा. २४४८ × २०४८ पिक्सेलचा कॅमेरा २०० मिमी रुंदी बघत असेल तर एका पिक्सेलला साधारण ०.०८ मिमी येतात. चांगल्या प्रकाशात कड पिक्सेलच्या काही अंशापर्यंत सापडते, पण पिक्सेलच ०.३ मिमीचा असेल तर ०.०५ ची अपेक्षा धरू नका. कोनाचंही तसंच. १० मिमी लांबीच्या पार्टची दोन टोकं ०.०५ मिमीने विरुद्ध बाजूंना हलली तर कोन अर्ध्या अंशाहून जास्त फिरतो. छोट्या पार्टचा कोन नेहमीच जास्त डळमळतो.

प्रकाशाकडे वेळ द्या, कारण बरेच दोष तिथेच असतात. टर्निंग केलेल्या चकचकीत पार्टवर रिंग लाइट लावला की तोंडावर पांढरं वर्तुळ उमटतं आणि चॅम्फरची (तिरक्या कापलेल्या कडेची) एक कड उजळते, दुसरी बुडते. व्हिजन कधी चॅम्फरची आतली कड धरतं, कधी बाहेरची. पार्ट एका जागी असताना आकडा दोन ठरावीक किमतींमध्ये उड्या मारत असेल तर हाच प्रकार समजा. डोम लाइटने चमक पसरते. फक्त बाह्यरेषा हवी असेल तर खालून बॅकलाइट सर्वांत भरवशाचा, पण पार्ट कुठल्या तोंडावर पडलाय ते त्यात कळत नाही.

बाहेरचा उजेड वेगळा तपासा. भोसरी-चाकणच्या कितीतरी शेडमध्ये छताला मधूनमधून पारदर्शक पत्रे असतात आणि उन्हाचा पट्टा दिवसभर सरकत राहतो. ठरावीक वेळेलाच पिक चुकत असतील तर सेलवर काळा पुठ्ठा धरून तेच तीस फोटो पुन्हा घ्या. आकडे सुधारले तर झाकण बसवा, किंवा लाल लाइट आणि लेन्सवर लाल बँडपास फिल्टर (फक्त लाल प्रकाश आत सोडणारा) वापरा. शेडमधले जुने ट्यूबलाइट आपल्या ५० हर्ट्झ विजेवर सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. त्यामुळे एक्सपोजर १० मिलिसेकंदांपेक्षा बरंच कमी असेल तर प्रत्येक फोटोची उजळता वेगळी येते.

पार्ट कन्व्हेयरवर चालत असेल तर वेगाला एक्सपोजरने गुणा. २०० मिमी प्रति सेकंद वेग आणि २ मिलिसेकंद एक्सपोजर म्हणजे ०.४ मिमी पुसट कड. लाइट वाढवून एक्सपोजर ०.२ वर आणलं की ती ०.०४ वर येते. कॅमेरा ग्लोबल शटरचा (पूर्ण चित्र एकाच क्षणी टिपणारा) असावा, नाहीतर चालता पार्ट तिरका दिसतो.

तपासा: लेन्स पुसली का? कुलंटच्या धुक्याचा पातळ थर डोळ्याला दिसत नाही, पण कड मऊ करतो.

## टप्पा ४: चुकीचा नकाशा काढा

हा या कामाचा कणा आहे. याला तासभर लागतो आणि तो वाचवण्याच्या नादात दिवस जातात.

ग्रिपरमध्ये पॉइंटर पकडा आणि त्याच्या टोकासाठी वेगळं टूल भरा. रोबोटला मास्टर पार्टच्या मध्यखुणेच्या ०.५ मिमी वर थांबवा. भिंगातून पाहून टोक खुणेपासून किती आणि कुठल्या दिशेला सरकलंय ते लिहा. आधी एकाच कोनात पार्ट ट्रेच्या नऊ जागी ठेवा: चार कोपरे, चार कडांचे मध्य, एक केंद्र. मग केंद्रातच पार्ट दर वेळी ४५ अंशांनी फिरवून आठ मापं घ्या. कागदावर ट्रे काढून प्रत्येक जागी बाण काढा.

दोन बोटांचा ग्रिपर असेल तर आणखी एक सोपी युक्ती आहे. फोटो घ्या, पार्ट उचला, त्याच जागी ठेवा, पुन्हा फोटो घ्या. बोटं पार्टला आपल्या मध्यावर ओढतात, म्हणून दोन फोटोंतला फरक हीच चूक. ती फक्त बोटं मिटण्याच्या दिशेत कळते, तेव्हा ग्रिपर ९० अंश फिरवून दुसऱ्यांदा करा. ही चाचणी खऱ्या टूलने होते, त्यामुळे पॉइंटरवर न दिसलेली ग्रिपरच्या टूल डेटामधली चूकही इथे उघडी पडते.

आता बाण वाचा.

- सगळे बाण एकाच दिशेला आणि सारखे: फ्रेम किंवा कॅमेरा एकदा धक्का लागून सरकलाय.
- केंद्रात चूक नाही, कडेला बाण बाहेरच्या दिशेने लांब होत जातात: पार्ट कॅलिब्रेशनच्या पातळीपेक्षा उंच आहे. बाण आत वळलेले असतील तर पार्ट खाली आहे.
- फक्त एका बाजूला वाढतात: कॅमेरा किंवा ट्रे तिरका.
- फक्त कोपऱ्यांत: लेन्सची वक्रता कॅलिब्रेशनमध्ये धरलेली नाही.
- शिकवलेल्या कोनात शून्य, पार्ट फिरवला की वाढते आणि १८० अंशांवर सर्वांत जास्त: टूल सेंटर पॉइंट (रोबोटमध्ये भरलेली टूलच्या टोकाची जागा) किंवा मॉडेलवरचा पिक पॉइंट (पार्ट जिथे पकडायचा ती जागा).
- काही ताळमेळच नाही: टप्पा ३ नीट झाला नाही, किंवा पकड आणि सिग्नलचा दोष.

दोन दोष एकत्र असतील तर बाण गोंधळलेले दिसतात. अशा वेळी कोनाचा दोष आधी दूर करा आणि नकाशा पुन्हा काढा.

## टप्पा ५: टूल सेंटर पॉइंट

सुई टेबलावर उभी करा, ग्रिपरच्या मध्यातला पॉइंटर तिच्या टोकाला टेकवा आणि फक्त टूल झेड, म्हणजे टूलच्या उभ्या अक्षाभोवती फिरवा. टोक सुईवरच राहिलं पाहिजे. ते वर्तुळात फिरत असेल तर त्या वर्तुळाची त्रिज्या हीच टूलची चूक. ०.३ मिमीची चूक १८० अंशांवर ०.६ होते. सुरुवातीच्या उदाहरणातला ऑफसेट इथून आला होता.

टोक जागेवर राहिलं आणि तरी नकाशात कोनाबरोबर चूक वाढते, तर टूल ठीक आहे. मग दोष पिक पॉइंटचा, टप्पा ७ कडे जा. हे दोन दोष नकाशात हुबेहूब सारखे दिसतात, म्हणून ही सुईची चाचणी टाळू नका.

सावधान: टूल डेटा बदलला की त्या टूलने केलेलं कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही बाद होतं. टूल आधी, कॅलिब्रेशन नंतर. उलट केलं तर दोन्ही पुन्हा करावं लागतं.

## टप्पा ६: कॅलिब्रेशन आणि उंचीचा सापळा

सर्वांत जास्त वेळा चुकतं ते हे. कॅलिब्रेशन प्लेट ट्रेच्या तळावर ठेवली जाते आणि व्हिजन मात्र पार्टचं वरचं तोंड बघतं.

८ मिमी व्यासाचा, ६ मिमी उंच पितळी इन्सर्ट घ्या. लेन्स ट्रेपासून ५०० मिमी वर आहे आणि पार्ट चित्राच्या केंद्रापासून ८० मिमी दूर. वरचं तोंड प्लेटच्या पातळीपेक्षा ६ मिमी उंच असल्याने ते बाहेर सरकलेलं दिसतं: ८० × ६ ÷ ४९४, म्हणजे ०.९७ मिमी. जवळजवळ एक मिलिमीटर! सॉफ्टवेअर इथे कॅलिब्रेशन उत्तम झाल्याचं सांगतं, कारण प्लेटच्या पातळीवर ते खरोखरच उत्तम असतं.

उपाय सोपा आहे. प्लेटखाली स्पेसर घालून तिचं छापील तोंड पार्टच्या दिसणाऱ्या तोंडाच्या पातळीला आणा. सॉफ्टवेअरमध्ये पार्टची उंची भरायची जागा असेल तर ती भरा. एकाच सेलवर ६ आणि १० मिमीचे दोन प्रकार चालत असतील तर दोघांची उंची वेगळी नोंदवा. बॅकलाइटवर आणखी एक बारकावा आहे: उंच गोल पार्टची बाहेरची कड वरच्या तोंडाची दिसते आणि आतली कड खालच्या तोंडाची, त्यामुळे त्याचा मध्य साधारण अर्ध्या उंचीवर धरावा लागतो. टेलिसेंट्रिक लेन्सने (जिच्यात उंचीमुळे जागा सरकलेली दिसत नाही) ही सगळी कटकट जाते, पण ती महाग असते आणि तिचं पुढचं भिंग बघायच्या जागेएवढं मोठं लागतं. त्यामुळे छोट्या ट्रेलाच ती परवडते.

कॅलिब्रेशनचे बिंदू पूर्ण चित्रभर पसरलेले हवेत. मध्यातल्या मध्यात नऊ बिंदू शिकवून कोपऱ्यांत अचूकता मिळत नाही. आणि फ्रेम बघा: फॅनकमध्ये यूफ्रेम आणि यूटूल, एबीबीत वर्कऑब्जेक्ट आणि टूलडेटा, कुकामध्ये बेस आणि टूल. कॅलिब्रेशनच्या वेळी जी जोडी चालू होती तीच प्रोग्रॅम चालताना चालू असली पाहिजे. फ्रेम १ वर कॅलिब्रेट करून फ्रेम ० वर पिक करायची चूक अनुभवी माणसांच्या हातूनही होते.

तपासा: कॅलिब्रेशनमध्ये न वापरलेल्या पाच बिंदूंवर रोबोट पाठवा. सॉफ्टवेअरने दाखवलेली सरासरी चूक पुरावा धरू नका. ती त्याच बिंदूंवरून काढलेली असते.

## टप्पा ७: मॉडेल आणि पिक पॉइंट

मॉडेल स्वच्छ, सरासरी पार्टवर शिकवा. बर (कडेला राहिलेला धातूचा काटा) असलेल्या पार्टवर शिकवलं तर व्हिजन बर शोधत बसतं. मॉडेलच्या चौकटीत ट्रेवरची ओरखड किंवा शेजारच्या पार्टची सावली आली असेल तर ती पुसून टाका. स्कोअरची (नमुन्याशी जुळण्याच्या गुणांची) मर्यादा खाली आणून "दिसत नाही" हा त्रास लगेच मिटतो, पण मग उलटे आणि एकमेकांवर चढलेले पार्टही "दिसायला" लागतात. मर्यादा खाली आणण्याआधी लाइट सुधारा. टप्पा ५ मधून इथे आला असाल तर मॉडेलवरचा पिक पॉइंट पार्टच्या मध्यखुणेवर आहे का ते पाहा.

पार्ट पूर्ण गोल असेल तर कोन बंद करा, उगाच मनगट फिरतं. षटकोनी नटला ६० अंशांत शोधणं पुरे. दोन्ही टोकं जवळजवळ सारखी असतील तर ओळख पटवणारी एक खूण वेगळ्या टूलने तपासा, सगळा भार मॉडेलवर टाकू नका.

## टप्पा ८: पकड

रोबोट बरोबर जागी गेला आणि पार्ट तरी सुटला, तर इथे बघा.

सक्शनचं गणित करा. ४ मिमीच्या कपचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस मिमी. ६० किलोपास्कल व्हॅक्यूमवर त्याची ताकद ०.७५ न्यूटन, म्हणजे कागदावर सुमारे ७५ ग्रॅम. वेगवान हालचालीसाठी चौपट सुरक्षा धरली की हातात १९ ग्रॅम उरतात. पार्टवर तेल असेल किंवा कप भोकाच्या कडेला बसत असेल तर त्याहून कमी. इजेक्टर (व्हॅक्यूम तयार करणारा भाग) कपाच्या जवळ ठेवा, लांब नळीतली हवा ओढण्यात वेळ जातो. पावसाळ्यात एअर लाइनमध्ये पाणी जास्त साचतं, फिल्टरचा ड्रेन रोज बघा.

बोटांच्या ग्रिपरमध्ये दोन्ही बोटं एकाच वेळी टेकतात का ते हळू वेगात पाहा. एक बोट आधी लागलं तर ते पार्ट ढकलतं. बोटांना आजूबाजूला जागा हवी, तेव्हा व्हिजनमध्ये पार्टच्या दोन्ही बाजूंना बोटांएवढ्या मोकळ्या पट्ट्या तपासायला लावा आणि जागा नसलेला पार्ट सोडून द्या.

## टप्पा ९: वेळ आणि सिग्नल

अधूनमधून रोबोट रिकाम्या जागी, आधी जिथे पार्ट होता तिथे उतरतो? तो जुना निकाल वापरतोय. ट्रिगर (फोटो घ्यायचा इशारा) देण्याआधी रजिस्टर (निकाल साठवायची जागा) साफ करा, प्रत्येक निकालाला क्रमांक द्या आणि क्रमांक बदलला नसेल तर रोबोटला थांबवा. फक्त थांबण्याचा वेळ वाढवून हा दोष लपतो, जात नाही.

फ्लेक्सिबल फीडरवर गोल पिना कंपन थांबल्यावरही गडगडत राहतात. १०० मिलिसेकंदांच्या अंतराने दोन फोटो घ्या. जागा बदलली असेल तर विसावा वाढवा. फोटोच्या क्षणी रोबोटचा हात किंवा त्याची सावली चित्रात नाही ना, तेही बघा.

## लाइन परत देण्याआधी

जुने सगळे ऑफसेट शून्य करा आणि नऊ जागा, आठ कोन पुन्हा मोजा. उरलेली चूक सगळीकडे एकाच दिशेला आणि सारखी असेल, तरच ती ऑफसेटमध्ये भरा आणि कारण व तारीख लिहून ठेवा. मग पूर्ण वेगात काही भरलेले ट्रे चालवा, शेवटच्या कोपऱ्यातल्या पार्टपर्यंत.

ट्रेच्या कडेला एक पक्की खूण बसवा आणि शिफ्टच्या सुरुवातीला कॅमेऱ्याने तिची जागा वाचावी असा छोटा जॉब ठेवा. वाचन ०.१ मिमीपेक्षा जास्त सरकलं तर अलार्म येऊ द्या. अलार्म आला की सेटरने पहिल्यांदा ब्रॅकेटचे बोल्ट आणि लेन्सचे लॉक स्क्रू बघायचे, आणि ते होईपर्यंत पेंडंटला हात लावायचा नाही, असं सेलच्या दारावर लिहून लावा.